‘मडरूम’ म्हणजे नेमकं काय? वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या घराला तिची गरज का आहे?

इन्स्टाग्रामवर घर सजावटीचे रील्स बघत असाल तर ‘मडरूम’ हा शब्द एव्हाना नजरेखालून गेला असेल. दारातून आत आलं की छोटीशी खोली. बसायला लाकडी बाक, बाकाखाली बुटांचे कप्पे, वर कोट अडकवायचे हुक आणि कोपऱ्यात छत्री. व्हिडिओ दिसायला छान असतो. पण आपल्याकडे बघणाऱ्याला वाटतं, ही सगळी मोठ्या बंगल्यांची थेरं.

आता थोडं वेगळं चित्र डोळ्यासमोर आणा. जुलै महिना आहे. अकोला जिल्ह्यातल्या तेल्हारा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेलं हिवरखेड. दोन दिवस पाऊस लागून राहिलाय. वावरातून घरी येणाऱ्या माणसाच्या प्रत्येक चपलेला अर्धा-पाऊण किलो काळी माती चिकटलीय. पाठीवर फवारणीचा पंप आहे, शर्ट ओला आहे. आणि घराचं दार उघडलं की थेट पहिली खोली. तिथंच टीव्ही, तिथंच पलंग, तिथंच फरशीवर रांगणारं मूल.

मडरूमची खरी गरज रीलमधल्या बंगल्याला जास्त आहे की या घराला? आणि खरंच गरज असेल, तर ती कशी बांधायची?

मडरूम म्हणजे काय?

सोप्या भाषेत सांगायचं तर मडरूम म्हणजे बाहेर आणि घर यांच्यामधली एक थांबायची जागा. चिखलाचे बूट, ओले कपडे, कामाची अवजारं इथंच राहतात. माणूस स्वच्छ होऊन पुढे जातो.

अमेरिका आणि कॅनडात ही खोली मुळात शेतावरच्या घरांची. तिथं बर्फ आणि चिखलाचे महिने मोठे, म्हणून घराच्या मागच्या दाराशी ही सोय असायची. पुढे ती शहरातल्या घरांत गेली आणि आता ती सजावटीची गोष्ट झाली आहे.

फिनलंडमध्ये अशा जागेला ‘कुराएतेइनेन’ म्हणतात, म्हणजे अक्षरशः ‘चिखलाची ओसरी’. जपानमध्ये प्रत्येक घराच्या दाराशी ‘गेनकान’ असतं. त्याची जमीन घरातल्या जमिनीपेक्षा मुद्दाम एक पायरी खाली ठेवतात. पादत्राणं खाली राहतात आणि माणूस वर चढून घरात येतो. ती एक पायरी म्हणजे सीमारेषा. माती आपोआप वर चढत नाही, आणि लहान मुलालाही न सांगता कळतं की चप्पल इथं काढायची.

मग आपल्याकडे हे नव्हतं का?

होतं. नाव वेगळं होतं, इतकंच.

वऱ्हाडातल्या जुन्या घरांमध्ये दारातून थेट माजघरात जाता येत नसे. आधी अंगण, मग ओटा, मग सपरी किंवा ओसरी. मोठा वाडा असेल तर दरवाजातून आत आल्यावर ढाळज. अंगणात पाण्याचा रांजण आणि जवळच न्हाणी. वावरातून आलेला माणूस बाहेरच हातपाय धुवायचा. डोक्याचा शेला झटकायचा, वखर-डवऱ्याचं सामान सपरीत किंवा गोठ्यात टेकवायचा आणि मग आत यायचा. ‘पयले पाय धू, मंग आत ये!’ हे वाक्य वऱ्हाडातल्या कितीतरी पोरांनी आजीच्या तोंडून ऐकलं असेल.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ओटा, ढाळज, ओसरी या जागा फक्त स्वच्छतेसाठी नव्हत्या. कोणत्या माणसानं कुठपर्यंत यायचं हेही त्या ठरवायच्या, आणि त्यामागे जातीपातीचं, सोवळ्या-ओवळ्याचं गणित असायचं. ते गेलंच पाहिजे होतं. पण त्यासोबत मातीचे पाय बाहेर धुण्याची चांगली सोयही गेली.

ती का गेली? जागा कमी झाली. वाटण्यांमध्ये वाड्यांचे तुकडे झाले. अंगणावर खोल्या चढल्या. सिमेंटची घरं रस्त्याला लागून उभी राहिली. घरकुलांचा विचार केला तर गणित आणखी स्पष्ट होतं. 2016 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना – ग्रामीणमध्ये घराचं किमान क्षेत्रफळ 25 चौरस मीटर धरलं आहे, म्हणजे साधारण 269 चौरस फूट. त्यात स्वयंपाकाच्या स्वच्छ जागेचा विचार आहे. सपाट भागातल्या घरासाठी 1 लाख 20 हजार रुपयांचं सहाय्य मिळतं. एवढ्या जागेत आणि एवढ्या पैशात पाय धुण्याची वेगळी जागा काढणं बहुतेकांना चैन वाटते.

काळी माती इतकी का चिकटते?

वऱ्हाडातली काळी कसदार माती दख्खनच्या पठारावरच्या बेसाल्ट खडकापासून तयार झाली आहे. तिच्यात चिकणमातीचं प्रमाण भरपूर असतं. चिकणमातीचा एक कण 0.002 मिलिमीटरपेक्षाही लहान असतो. या मातीतलं मुख्य खनिज पाण्याचे रेणू स्वतःच्या थरांमध्ये ओढून घेतं आणि फुगतं. म्हणूनच पावसाळ्यात ती चपलेला घट्ट धरून ठेवते, आणि उन्हाळ्यात आकसली की वावराला हात जाईल अशा भेगा पडतात.

हा गुण कपाशीसाठी वरदान आहे, कारण माती ओल धरून ठेवते. घरासाठी मात्र तोच त्रास आहे. ओली असताना ही माती फरशीवर चिकटते. वाळली की तिची बारीक धूळ होते आणि पंख्याच्या वाऱ्यानं उडते. पूर्वी शेणानं सारवलेल्या जमिनीत थोडी माती मिसळून जायची, काही फरक पडत नसे. आता घरोघरी गुळगुळीत टाइल्स आहेत. ओल्या मातीचा पातळ थर टाइलवर आला की म्हातारं माणूस घसरलंच म्हणून समजा.

बुटांवरच्या जंतूंमुळे आजार होतात, हे खरं का?

सोशल मीडियावर एक आकडा वारंवार फिरतो. ‘बुटाच्या तळाशी सरासरी 4 लाख 21 हजार जिवाणू असतात!’ हा आकडा अमेरिकेतल्या अॅरिझोना विद्यापीठातले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ चार्ल्स गेर्बा यांच्या 2008 च्या चाचणीतून आला आहे. पण ती चाचणी अगदी थोड्या लोकांवर झाली होती आणि बूट बनवणाऱ्या एका कंपनीच्या पैशातून झाली होती. शिवाय जिवाणू सगळीकडेच असतात आणि त्यातले बहुतेक निरुपद्रवी असतात. नुसत्या आकड्यानं घाबरून जाण्याचं कारण नाही.

मातीतून येणारे जंत मात्र घाबरवण्यासाठी रचलेली गोष्ट नाही. उघड्यावर शौच होत असेल अशा ठिकाणच्या मातीत गोल जंतांची अंडी असू शकतात आणि ती बराच काळ टिकतात. माती हाताला लागते, हात तोंडात जातो आणि जंत पोटात. आकडे कृमी तर अनवाणी पायाच्या कातडीतूनच शरीरात शिरतात. म्हणजे आकडे कृमींपासून वाचायचं तर बाहेर चप्पल घालायची, आणि गोल जंतांपासून वाचायचं तर ती चप्पल घराबाहेर ठेवून हात धुवायचे. केंद्र सरकार 2015 पासून 10 फेब्रुवारीला राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळतं आणि 1 ते 19 वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी देतं. ती गोळी पोटातले जंत मारते. पण घरात येणारी माती ती थांबवू शकत नाही.

फवारणीचा मुद्दा

वऱ्हाडाच्या बाबतीत मडरूमचा सगळ्यात महत्त्वाचा उपयोग इथं आहे.

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो लोकांना रुग्णालयात दाखल करावं लागलं. राज्य सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं. डोक्याएवढी वाढलेली पऱ्हाटी, दोन-तीन औषधं एकत्र करून मारणं, हातमोजे-मास्क नसणं, अशी अनेक कारणं त्यावेळी पुढे आली.

एक गोष्ट स्पष्ट करू. घरात मडरूम असती तरी हे मृत्यू टळले नसते. ती विषबाधा वावरात, फवारा मारताना झाली. तिथं उपाय वेगळे आहेत.

पण औषध वावरातच राहत नाही, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. शर्टावर, पॅंटच्या पायांवर, चपलेला लागलेल्या मातीत, पंपाच्या पट्ट्यावर बसून ते घरी येतं. इंग्रजीत याला ‘टेक-होम एक्स्पोजर’ म्हणतात. कामावरचं विष घरच्यांपर्यंत पोहोचणं, असा त्याचा अर्थ.

अमेरिकेनं 1992 मध्ये कामगारांच्या कुटुंबांच्या संरक्षणासाठी कायदा केला. त्यानुसार तिथल्या ‘नायॉश’ या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेनं 1995 मध्ये संसदेला अहवाल दिला. शिसं, अॅस्बेस्टॉस, कीटकनाशकं अशा पदार्थांमुळे कामगारांच्या बायकामुलांना त्रास झाल्याची उदाहरणं त्यात अनेक देशांतून गोळा केली होती. उपायही साधेच होते. घरी जाण्याआधी कपडे बदला, अंघोळ करा, कामाचे कपडे कामावरच ठेवा.

कारखान्यात हे जमतं, कारण तिथं कपडे बदलण्याची खोली असते. वावरात ती कुठून येणार? शेतकऱ्याच्या बाबतीत कारखान्याची ती खोली घराच्या दाराशीच असायला हवी. मडरूम म्हणजे तीच खोली.

आता एक प्रश्न येईल. ऊन-पावसानं औषधाचा असर कमी होतो ना? बाहेर होतो. सूर्यप्रकाश, पाऊस आणि मातीतले सूक्ष्मजीव औषधाचं हळूहळू विघटन करतात. घरात यातलं काहीच नसतं. म्हणून कोपऱ्यात, गादीखाली, सतरंजीत बसलेल्या धुळीत औषध जास्त काळ टिकू शकतं.

याचा एक चांगला अभ्यास 2001 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. ‘टू-फोर-डी’ हे तणनाशक आपल्याकडचे शेतकरीही ओळखतात. तेच तिथं घरासमोरच्या हिरवळीवर मारलं गेलं आणि नंतर घराच्या आतली हवा, जमीन, टेबल तपासले गेले. तणनाशक घरात पोहोचलं होतं. किती पोहोचलं, हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरलं. घरातले लोक बूट दाराशी काढतात का, आणि मुलं व पाळीव प्राणी किती आत-बाहेर करतात.

म्हणजे साधी चप्पल दाराबाहेर काढण्यानंही मोजता येईल एवढा फरक पडतो.

सगळ्यात जास्त धोका कोणाला?

रांगणाऱ्या मुलाला. ते जमिनीच्या सगळ्यात जवळ असतं, दिवसातून शंभर वेळा हात तोंडात घालतं आणि त्याचं वजन कमी असतं. मोठ्या माणसाला जेवढ्या मात्रेनं काही होणार नाही, तेवढीच मात्रा त्याच्या वजनाच्या हिशेबानं कितीतरी पटीनं जास्त ठरते.

दुसरी व्यक्ती म्हणजे घरातली बाई. ती स्वतः निंदणाला, कापूस वेचायला वावरात असते. घरी आली की लगेच चुलीपुढं किंवा गॅसपुढं उभी राहते. नवऱ्याचे फवारणीचे कपडे तीच धुते, तेही बरेचदा मुलांच्या कपड्यांसोबत एकाच बादलीत. फरशीवरची माती तीच पुसते. पावसाळ्यात दिवसातून तीन-तीनदा. घरात मडरूम आली तर सगळ्यात आधी हलकं होणारं काम तिचं आहे. पण घर बांधताना नकाशावर चर्चा होते तेव्हा तिला क्वचितच विचारलं जातं.

आणखी एक वऱ्हाडी अनुभव. भाव वाढेल या आशेनं कापूस घरात साठवून ठेवला की अंगाला खाज सुटते, ही तक्रार जवळपास दर हंगामात ऐकू येते. कापसाची गंजी मडरूममध्ये मावणार नाही, हे उघड आहे. पण ‘शेतातलं सामान वेगळं आणि झोपायची जागा वेगळी’ हा विचार एकदा घराच्या आखणीत आला की कापसासाठीही वेगळी खोली किंवा शेड सुचते.

मग हिवरखेडच्या घरात मडरूम कशी असावी?

अमेरिकेतल्या रीलची नक्कल करून उपयोग नाही. तिकडचा प्रश्न बर्फाचा आणि थंडीचा, म्हणून त्यांची मडरूम बंदिस्त असते. आपल्याकडे बंदिस्त खोलीत ओले कपडे आणि चपला ठेवल्या तर कुबट वास, बुरशी आणि डास एवढंच हाती लागेल. आपली मडरूम उघडी, हवेशीर आणि धुता येणारी हवी.

जागा: 4 बाय 5 फूट पुरतात. म्हणजे 20 चौरस फूट. 269 चौरस फुटांच्या घरकुलात हे साधारण साडेसात टक्के झाले. ओट्यावर पत्र्याचं छप्पर टाकून किंवा मागच्या दाराशी केलं तर घरातली जागा अजिबात जात नाही.

पायरी: घराच्या जमिनीपेक्षा 4 ते 6 इंच खाली. पाणी आणि माती आत येणार नाही. घरात वयस्कर माणसं असतील तर भिंतीला पकडायला एक दांडा लावा.

जमीन: गुळगुळीत टाइल नको. शहाबादी फरशी किंवा खरबरीत कोबा चांगला. उतार बाहेरच्या बाजूला.

पाणी: एक नळ किंवा झाकणाची टाकी आणि तांब्या. अकोट-तेल्हारा भागातल्या अनेक गावांना वान धरणाचं पाणी मिळतं आणि उन्हाळ्यात ते जपून वापरावं लागतं. पाइप सोडून पाय धुण्यापेक्षा आधी काठीनं किंवा लोखंडी पट्टीनं चपलेची माती खरवडली, तर दोन तांब्यांत काम होतं. उंबऱ्याजवळ सिमेंटमध्ये उभी बसवलेली लोखंडी पट्टी हे यातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी साधन आहे.

सांडपाणी: पाय धुतलेलं साधं पाणी शोषखड्ड्यात किंवा झाडाला सोडता येतं. फवारणीच्या पंपाचं पाणी मात्र नाही. पंप वावरातच धुवावा, तोही विहीर, नाला आणि जनावरांच्या पाण्यापासून लांब.

टांगायची सोय: फवारणीच्या कपड्यांसाठी वेगळी खुंटी आणि वेगळी बादली. दोन्हींवर रंगानं खूण करा, म्हणजे चुकून दुसरं कोणी वापरणार नाही.

विजेचा पॉइंट: ही गोष्ट बहुतेक जण विसरतात. बॅटरीवरचा पंप चार्जिंगला लावायचा म्हणून थेट घरात आणला जातो आणि पलंगाशेजारी ठेवला जातो. मडरूममध्ये, पाण्यापासून लांब आणि मुलांचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर एक सॉकेट असलं की पंप आत आणायची गरजच उरत नाही.

काय ठेवू नये: औषधाच्या बाटल्या आणि रिकामे डबे. ते कुलुपात, घरापासून वेगळे हवेत. मडरूम म्हणजे औषधाचं गोदाम नव्हे.

साप-विंचवाचं काय?

रास्त प्रश्न आहे. चपलांचा ढीग, गोणपाट आणि अंधार असला की विंचू, बेडूक आणि बेडकामागून साप येणारच. म्हणून चपलांचे कप्पे जमिनीला टेकलेले नकोत. भिंतीला एक फूट उंचीवर लोखंडी जाळीची फळी बसवा. दिवा हवाच. गमबूट असतील तर उलटे टांगा आणि घालण्याआधी झटका. सांडपाण्याच्या पाइपच्या तोंडाला जाळी लावा.

फवारणीहून आल्यावर काय करायचं?

क्रम सोपा आहे.

1. चप्पल किंवा गमबूट खालच्या पायरीवरच काढा आणि धुवा.
2. हात साबणानं धुवा. त्याआधी तंबाखू, पाणी, मोबाइल कशालाही हात लावू नका.
3. कपडे तिथंच काढा आणि वेगळ्या बादलीत टाका.
4. साबण लावून अंघोळ करा, केस धुवा. मुलाला उचलायचं ते त्यानंतरच.
5. ते कपडे बाकी कपड्यांपासून वेगळे धुवा, शक्य असेल तर हातमोजे घालून. वाळवा उन्हात. घट्ट औषध सांडून भिजलेला कपडा धुऊन पुन्हा वापरू नका.

मळमळ, डोळ्यांपुढं अंधारी, घाम, लाळ किंवा श्वासाचा त्रास जाणवला तर घरगुती उपाय करत बसू नका. 108 ला फोन करा आणि औषधाच्या बाटलीवरचं लेबल डॉक्टरांना दाखवा.

जागाच नसेल तर?

नकाशा बदलता येत नाही अशी हजारो घरं आहेत. त्यांच्यासाठी मडरूम ही खोली नाही, सवय आहे. दाराबाहेर दोन फुटांचा कोबा, एक बादली, एक खरवडायची पट्टी, भिंतीत दोन खुंट्या आणि आडोशाला एक जुना पडदा. वरच्या पाचही पायऱ्या एवढ्यात जमतात. भाड्याच्या घरात किंवा शहरातल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनाही दाराशी चपलांचा रॅक आणि जाड पायपुसणं पुरेसं आहे. पायपुसणं मात्र आठवड्याला झटकून धुवायला हवं, नाहीतर तेच मातीचं गोदाम होतं.

खराटा हातात घेऊन गावंच्या गावं झाडणारे गाडगेबाबा याच मातीतले, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. त्यांच्या नावानं राज्यात ग्रामस्वच्छता अभियान चालतं. गावातले रस्ते, गटारं, शौचालयं यांची त्यात तपासणी होते. रस्ता आणि घर यांच्यामधल्या त्या चार फुटांकडे मात्र फारसं कोणी बघत नाही.

तुमच्या घराचं किंवा घरकुलाचं काम निघालं असेल तर पाया भरण्याआधी मिस्त्रीला एवढंच विचारा, ‘पाय कुठं धुवायचे?’ उत्तर ‘बाथरूममध्ये’ असं आलं, तर बाथरूमपर्यंतची माती कोण पुसणार, हेही त्याच वेळी घरात ठरवून टाका.